दोनशे शून्य-एकांची चिठ्ठी

नागपुरातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने विचारलंय. कॉलेजच्या ट्रेझर हंटमध्ये त्यांना एक चिठ्ठी मिळाली. तिच्यावर नुसते ० आणि १, मधे कुठेही जागा न सोडता, मोजून २००. पोरांनी आठ-आठचे तुकडे पाडून ते शून्य-एकांची अक्षरं करून देणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये टाकले. सुरुवातीला ४४०००१ आलं आणि पुढे सगळा कचरा: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी छोटा ए, जपानी येनचं चिन्ह, आणखी काहीबाही. ४४०००१ म्हणजे जीपीओचा, मुख्य टपाल कचेरीचा पिन, म्हणून सगळे सिव्हिल लाइन्सला जीपीओसमोर जाऊन उभे राहिले आणि तिथेच हरले. आता त्याचा प्रश्न असा: "सर, पुढचा भाग चुकीचा छापला होता का? आणि संगणकाच्या आत खरंच शून्य-एक असतात, की आम्हाला समजावं म्हणून तसं सांगतात?"

छपाई सोळा आणे बरोबर होती. ४४०००१ नंतर एक मोकळी जागा होती आणि पुढे "संत्री" हा शब्द. तू अख्खी ओळ टाइप करून पाठवलीस म्हणून हे छातीठोकपणे सांगता येतंय.

वजनकाटे, मीटर, जुनी यंत्रं संगणकाला जोडून देणं आणि जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये आणून देणं, हे काम मी सव्वीस वर्षं करतोय. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेले शून्य-एक वाचणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. यात पहिल्याच वर्षी एक गोष्ट कळते. ओळीत अर्थ नसतो, लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने आधी काय ठरवलंय त्यात असतो. ते ठरवलेलं ठाऊक नसेल तर ओळ कितीही स्वच्छ छापलेली असू दे, हाती कचराच येणार. तुमच्या बाबतीत ओळीच्या पहिल्या भागापुरतं तुम्हाला ते ठाऊक होतं, दुसऱ्या भागाचं नव्हतं. एवढंच झालं.

आधी तू बरोबर काय केलंस ते बघू. तू आठ-आठचे तुकडे पाडलेस. चिठ्ठीवर तर तसं लिहिलेलं नव्हतं! सवयीने पाडलेस. २०० ला आठने भाग जातो, २५ बाइट (आठ शून्य-एकांचा एक तुकडा म्हणजे बाइट) होतात, हे खरं. पण पाचनेही जातो, त्यामुळे तो पुरावा झाला नाही. मी काय करतो ते सांगतो. तुकडे एकाखाली एक लिहायचे आणि उभ्या रांगा बघायच्या. तुझ्या ओळीतले पहिले सात तुकडे असे:

००११०१००
००११०१००
००११००००
००११००००
००११००००
००११०००१
००१०००००

पहिली आणि दुसरी उभी रांग निव्वळ शून्यांची, तिसरी निव्वळ एकांची. सातचे किंवा नऊचे तुकडे पाडून बघ, या रांगा तिरक्या पळायला लागतील. रांगा सरळ उभ्या राहिल्या की समजायचं, कापणी बरोबर झाली. यात गणित फारसं नाही, वहीवर एकदा करून बघितलं की नजर बसते.

आता एका तुकड्याचा आकडा कसा काढायचा? पुस्तकात दोनाचे घात शिकवतात. मला ते आजोबांच्या तराजूवर कळलं. इतवारीत त्यांचं किराण्याचं दुकान होतं, आणि किलो-ग्रॅम येऊन जमाना झाला तरी जुनी वजनं फळीवर ठेवलेली असायची: छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर. दोन छटाकांचा अदपाव, दोन अदपावांचा पावशेर, दोन पावशेरांचा अच्छेर, दोन अच्छेरांचा शेर. प्रत्येक वजन आधीच्याच्या दुप्पट. ही चार वजनं एकेकच असली तरी एक छटाकापासून पंधरा छटाकांपर्यंत काहीही तोलता येतं. तेरा छटाक साखर हवी असेल तर अच्छेर ठेवा, पावशेर ठेवा, अदपाव राहू द्या, छटाक ठेवा. आठ, चार आणि एक, झाले तेरा. पारड्यात ठेवलेल्या वजनाला १ आणि फळीवर राहिलेल्याला ० लिहिलं तर तेरा म्हणजे ११०१. झाली तुझी बायनरी.

बाइटमध्ये अशी आठ वजनं असतात: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. तुझा पहिला तुकडा ००११०१००. बत्तीसचं ठेवलंय, सोळाचं ठेवलंय, चारचं ठेवलंय. बेरीज ५२.

(तराजू काढलाच आहे तर एक सांगून टाकतो. शेराचा बरोबर दहावा भाग या वजनांनी तोलता येत नाही. छटाकाचे कितीही अर्धे करत गेलात तरी थोडं कमी किंवा थोडं जास्त राहतंच. संगणकाचंही तेच होतं. त्याला ०.१ नेमका लिहिता येत नाही, म्हणून बऱ्याच प्रोग्रॅमिंग भाषांत ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ शी ताडून बघितली तर "सारखे नाहीत" असं उत्तर येतं. पैशांचा हिशेब असेल तर रुपये अपूर्णांकात न ठेवता पैशांच्या पूर्णांकात ठेवायचा, तो याचसाठी.)

तर ५२ आले. पण चिठ्ठीत ५२ असं लिहायचं नव्हतं, ४ लिहायचं होतं. इथे पहिला करार येतो, आस्की. १९६३ साली अमेरिकेत ठरलेला हा तक्ता सात बिटांचा (एक शून्य किंवा एक म्हणजे एक बिट), म्हणून त्यात १२८ जागा. इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि टेलिप्रिंटरला हुकूम देणारी काही चिन्हं एवढं त्यात बसवलंय. शून्य हा आकडा ४८ व्या जागेवर, म्हणून चार ५२ व्या. तक्ता पाठ करायची गरज नाही. आकड्यांची सुरुवात कायम ००११ ने होते. तेवढं झाकलं की उरलेले चार बिट म्हणजे तो आकडाच: ०१०० म्हणजे चार. इंग्रजी कॅपिटल अक्षर ०१० ने सुरू होतं, छोटं ०११ ने, आणि शेवटचे पाच बिट म्हणजे त्या अक्षराचा मुळाक्षरांतला नंबर. एवढ्या भांडवलावर साध्या इंग्रजीतली कुठलीही अशी चिठ्ठी पेन्सिलीने वाचता येते.

एक फरक इथे लक्षात ठेव, पुढे नोकरीत उपयोगी पडेल. तुझ्या चिठ्ठीत "४४०००१" ही सहा चिन्हांची माळ होती, म्हणून सहा बाइट. तोच पिन संख्या म्हणून साठवला तर तीन बाइटांत मावतो: ६, १८२, १९३. तपासून बघ. सहा गुणिले ६५,५३६, अधिक १८२ गुणिले २५६, अधिक १९३, बरोबर ४,४०,००१. आपल्या घरातले पीसी आणि मोबाइल बहुतेक ही संख्या शेपटाकडून लिहितात, म्हणजे १९३ आधी आणि ६ शेवटी. ती डोक्याकडून वाचली तर पिनचा १,२६,९५,०४६ होतो. बिट तेच, एकही खराब झालेला नाही, फक्त कुठल्या टोकापासून वाचायचं ते ठरलं नव्हतं.

आता संत्री. तुझ्या ओळीतला आठवा, नववा आणि दहावा तुकडा बघ:

१११००००० १०१००१०० १०१११०००

पहिलाच बिट १ आलाय. आस्की सात बिटांत संपतं, त्यामुळे तिथे आठवा बिट, म्हणजे डावीकडचा पहिला, कायम ० असतो. तो १ दिसला की थांबायचं: इथून पुढे दुसरा करार लागू आहे. तुझा कन्व्हर्टर थांबला नाही. तो प्रत्येक बाइटला एक युरोपीय अक्षर समजून छापत सुटला.

इथला करार यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघा संगणकतज्ज्ञांनी १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदी मॅटवर त्याचा आराखडा मांडला. कल्पना इतकी सुबक आहे की मला आजही तिचा हेवा वाटतो. बाइट ० ने सुरू झाला तर साधं आस्की. १११० ने सुरू झाला तर हा तीन बाइटांच्या गाडीचा इंजिन-डबा, मागे आणखी दोन डबे आहेत. मागच्या प्रत्येक डब्यावर सुरुवातीला १० ही खूण. खुणा सोडून उरलेले बिट जोडले की अक्षराचा नंबर मिळतो. वरच्या तीन तुकड्यांतून खुणा काढून टाक:

०००० १००१०० १११०००

हे सोळा बिट म्हणजे २३६०. युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांना नंबर देणाऱ्या, तक्त्यात २३६० व्या जागेवर "स" आहे. देवनागरीला त्या तक्त्यात २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा मिळाल्यात आणि यूटीएफ-८ मध्ये त्यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं.

पुढचे पंधरा तुकडे तसेच सोडव. क्रमाने येईल: अनुस्वार, त, हलन्त, र, दीर्घ ईची वेलांटी. म्हणजे पडद्यावर "सं" आणि "त्री" अशी दोनच अक्षरं दिसतात, साठवलेली चिन्हं सहा असतात आणि बाइट अठरा. जोडाक्षर असं आत काही नसतंच. त, मग पाय मोडायची खूण, मग र. त्यांचं "त्र" करणं हे फॉन्टचं आणि अक्षरं मांडणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम. फॉन्ट बिघडला की "त्‌री" असं सुटं दिसतं आणि लोक म्हणतात फाइल खराब झाली. फाइल ठणठणीत असते.

तुझ्या कचऱ्यात येनचं चिन्ह दोनदा आलं होतं ना? त्या जागचा बाइट १०१००१०१ आहे, म्हणजे १६५. मला हा बाइट फार आवडतो. तुझ्या चिठ्ठीत तो एकदा हलन्ताचा मधला डबा आहे आणि एकदा वेलांटीचा. पश्चिम युरोपच्या तक्त्यात तोच येन. ऋण संख्या चालणाऱ्या एका बाइटच्या खात्यात तोच उणे ९१. आणि वेब पानांच्या रंगांत जो "ऑरेंज" नावाचा रंग आहे त्याची कृती लाल २५५, हिरवा १६५, निळा ०. म्हणजे संत्री या शब्दात जो बाइट आहे तोच संत्र्याच्या रंगातही आहे! हा निव्वळ योगायोग, पण शिकवायला इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. नुसता १६५ हातात देऊन कुणी "हे काय आहे" असं विचारलं तर उलट विचारायचं, "कुठून आणलास?"

म्हणूनच शहाण्या फाइली स्वतःची ओळख पहिल्या काही बाइटांत देतात. जेपेग चित्राची सुरुवात २५५, २१६ ने होते. पीएनजीची १३७ ने, आणि पुढे तिच्या नावाची तीन अक्षरं आस्कीत. फाइलचं नाव बदलून शेपटाला काहीही लावा, आतले पहिले बाइट खरं बोलतात. तुमच्या चिठ्ठीवर असं काही नव्हतं. आयोजकांनी कोपऱ्यात बारीक अक्षरांत "यूटीएफ-८" छापलं असतं तर बरं झालं असतं, पण मग कोडं कसलं.

मराठी मजकूर बिघडून आला तर कचऱ्याच्या रूपावरून रोग ओळखता येतो. हे मी ऑफिसातल्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो. दर तिसऱ्या जागी तो तिरक्या रेघेचा ए दिसत असेल (तुझ्या कचऱ्यात तो सहा वेळा असणार, मोजून बघ) तर घाबरायचं नाही. तो २२४ आहे, देवनागरीचा इंजिन-डबा. मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या तक्त्याने उघडलाय. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, काम झालं. सगळीकडे रिकामे चौकोन दिसत असतील तर बहुतेक वेळा मजकूरही ठीक आणि तक्ताही ठीक, फक्त फॉन्टमध्ये ती अक्षरं नाहीत. पण ओळभर प्रश्नचिन्हं असतील तर मात्र बॅकअप शोधायला लागायचं. कुठल्यातरी सॉफ्टवेअरने "हे अक्षर माझ्या तक्त्यात नाही" म्हणून प्रत्येक अक्षर पुसून तिथे ६३, म्हणजे प्रश्नचिन्ह, लिहून ठेवलंय. ते परत येत नाही. एका ग्राहकाची अठरा हजार नावांची यादी अशी गेलेली मी बघितली आहे, आणि त्यांच्याकडे बॅकअप होता तोही प्रश्नचिन्हांचाच.

चौथा रोग आपल्याकडचा खास. सीताबर्डी, महाल भागात डीटीपीची, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून देणारी, दुकानं जोरात होती तेव्हाच्या फाइली आजही माझ्याकडे येतात. त्या काळच्या फॉन्टांनी एक युक्ती केली होती. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. कृतिदेव नावाच्या फॉन्टमध्ये इंग्रजी छोटा डी दाबला की क उमटतो. फाइलमध्ये डीच असतो, १००. फॉन्ट काढून घेतला की सगळी लग्नपत्रिका इंग्रजी बाराखडीची भेळ होते. यात आणखी एक मेख आहे. टाइपरायटरच्या सवयीने तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती नंतर येते, कारण आपण उच्चारताना क आधी म्हणतो आणि इ नंतर. त्यामुळे असा मजकूर बदलताना नुसता तक्ता लावून भागत नाही, वेलांट्या उचलून पुढच्या अक्षरामागे नेऊन ठेवाव्या लागतात, आणि ते अक्षर जोडाक्षर असलं की अख्ख्या जोडाक्षरामागे. "स्थिती" हा शब्द माझ्या पहिल्या प्रोग्रॅमने तीन वेगवेगळ्या प्रकारे बिघडवून दाखवला होता.

सरकारी पातळीवर यावर इस्की हा भारतीय मानक तक्ता होता, १९९१ चा. त्याने खालच्या १२८ जागा आस्कीला तशाच ठेवल्या आणि वरच्या भारतीय लिप्यांना दिल्या. युनिकोडने देवनागरीचा क्रम त्याच घराण्याकडून घेतला. त्यामुळेच ळ तिथे लच्या लगेच पुढे बसलाय. आपल्या शब्दकोशात तो हच्या नंतर येतो, म्हणून नुसत्या नंबरांवर मराठी नावांची यादी लावली तर क्रम चुकतो. तो वेगळा विषय आहे, इथे सोडतो.

आता माझी एक फजिती. वीसेक वर्षांपूर्वी भंडारा रोडवरच्या एका धर्मकाट्यावर मी संगणक बसवून दिला होता. ट्रक काट्यावर चढतो, काट्याचं इंडिकेटर केबलमधून वजन पाठवतं, संगणक पावती छापतो. दोन दिवसांनी मालकाचा फोन. म्हणे, "साहेब, खाली गाडीचं वजन बरोबर दाखवून राहिली, भरलेली आली का मशीन पागल होते." गेलो. रिकामा ट्रक चढला, पडद्यावर ९५६०. स्वच्छ. तोच ट्रक भरून आला, इंडिकेटरवर २४७१०, आणि संगणकावर दोन-तीन जाळीदार चौकोन, खिडकीच्या मोडक्या चौकटींचे कोपरे आणि शेवटी एक शून्य. मालकाचं म्हणणं, लोड आला की काट्याखालचा वजन मोजणारा सेल केबलला झटका देतो. मलाही ते पटलं! दीड दिवस मी केबल बदलत, अर्थिंग तपासत उन्हात काढला.

मग चहा पिताना पावत्यांची थप्पी चाळत होतो. बिघडलेल्या पावत्यांतही काही आकडे शाबूत होते. वहीत उतरवले: ०, ३, ५, ६, ९ कधीही बिघडत नव्हते. १, २, ४, ७, ८ दरवेळी बिघडत होते. वजनाचा काही संबंधच नाही, त्या रिकाम्या ट्रकच्या वजनात नेमके चांगले आकडे आले होते. मग ते दहा आकडे बायनरीत लिहिले आणि प्रत्येकातले एक मोजले. ३ म्हणजे ०११००११, चार वेळा एक. ५ मध्ये चार, ६ मध्ये चार, ९ मध्ये चार, शून्यात दोन. सगळे सम. आणि १ मध्ये तीन, २ मध्ये तीन, ४ मध्ये तीन, ८ मध्ये तीन, ७ मध्ये पाच. सगळे विषम.

इंडिकेटर सात बिटांचं अक्षर पाठवत होतं आणि आठव्या जागी पहारेकरी, ज्याला पॅरिटी म्हणतात. एकांची संख्या विषम असेल तर तो १ होऊन ती सम करतो, आधीच सम असेल तर ० राहतो. वाटेत एखादा बिट उलटला तर वाचणाऱ्याला कळावं म्हणून ही सोय. माझा प्रोग्रॅम मात्र आठही बिट अक्षराचेच समजत होता. त्यामुळे पहारेकरी १ असेल तिथे प्रत्येक आकड्यात १२८ मिसळत होते आणि ५२ चा १८० होत होता. दोन्ही पद्धतींत सुरुवातीची खूण आणि शेवटची खूण धरून एका अक्षराला दहाच बिट लागतात, म्हणून कुठेही "एरर" आली नाही. सेटिंगमध्ये आठच्या जागी सात केलं, पॅरिटी "ईव्हन" केली. दहा सेकंदांचं काम. नंतर एका पट्टीवर "९६००, सात, ईव्हन, एक" (वेग, बिट, पॅरिटी, शेवटची खूण) लिहून ती इंडिकेटरच्या पाठीवर चिकटवली, पुढच्या माणसासाठी. मालकाला मी कारण सांगितलं नाही, केबल सैल होती म्हणालो. आता सांगून टाकतो.

कुठून कापायचं याला किती महत्त्व आहे हे समजून घ्यायला तुला संगणकही लागणार नाही, शाळेतलं मराठी व्याकरण पुरे. वृत्तात लघू आणि गुरू असतात, तीन-तीन अक्षरांचे गण असतात आणि गण आठच. दोन पर्याय, तीन जागा, दोन गुणिले दोन गुणिले दोन. तीन बिटांचे आठच आकडे, ० ते ७. ते लक्षात ठेवायला "य मा ता रा ज भा न स ल गा" अशी दहा अक्षरांची माळ आहे. लघूला ०, गुरूला १ लिही:

०१११०१०००१

पहिल्यापासून तीन घेतले तर यमाता, ०११, हा य गण. एक घर सोडून मातारा, १११, म गण. असं एकेक घर सरकत गेलास की दहा अक्षरांत आठही गण एकदा आणि एकदाच येतात. प्राचीन छंदशास्त्रकार पिंगळाच्या परंपरेतल्या छंदवाल्यांनी संगणक शोधला असलं काही मी म्हणत नाही, तसले मेसेज मलाही रोज येतात. पण एक घर सरकलं की अर्थ बदलतो हे याहून कमी जागेत कुणी दाखवून द्यावं. म्हणूनच यूटीएफ-८ मधली ती १० ची खूण मोलाची: ओळीच्या मधेच कुठेही उतरलास तरी डब्यावर १० दिसलं की कळतं, हे अक्षर आधी सुरू झालंय, पुढचा इंजिन-डबा येईपर्यंत थांब.

अजून एक गंमत. मी या उत्तरात ० आणि १ देवनागरीत लिहिलेत. ते इथून उचलून कन्व्हर्टरमध्ये टाकू नकोस, त्याला ते ओळखता येतीलच असं नाही. इंग्रजी शून्य एका बाइटचं, ४८. आपलं ० तीन बाइटांचं: २२४, १६५, १६६. (पुन्हा तो १६५!) तुझी २०० आकड्यांची ओळ इंग्रजी आकड्यांत टाइप केली तर २०० बाइट होते, देवनागरीत ६०० बाइट, आणि तिच्यातला मजकूर २५ बाइटांचा. साध्या एसएमएसची गोष्टही अशीच. त्यात १४० बाइटांची जागा असते. सात बिटांच्या इंग्रजी तक्त्यात तेवढ्यात १६० अक्षरं मावतात, मराठीसाठी तिथे यूटीएफ-८ नव्हे, वेगळा करार असतो, त्यात प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात म्हणून ७०. बँकेचे मराठी मेसेज दोन-तीन तुकड्यांत पाठवावे लागतात ते यासाठी.

राहिला तुझा दुसरा प्रश्न, आत खरंच शून्य-एक असतात का. नसतात. आत व्होल्टेज असतं, विद्युतभार असतो, चुंबकाची दिशा असते. पाच व्होल्टच्या, टीटीएल नावाच्या जुन्या जातीच्या चिपला विचारलंस तर ती म्हणेल, ०.८ व्होल्टच्या खाली असेल ते मी शून्य धरते, २ व्होल्टच्या वर असेल ते एक, आणि मधलं मला विचारू नका. तो मधला रिकामा पट्टा हीच सगळी मेख. नागपूरच्या पंचेचाळीस डिग्रीत, शेजारी वेल्डिंग चालू असताना, व्होल्टेज थोडंफार इकडेतिकडे होतंच. दोनच पातळ्या दूर-दूर ठेवल्या की तेवढ्या हलण्याने निकाल फिरत नाही. दहा पातळ्या ठेवल्या असत्या तर माझ्या धर्मकाट्याने रोज नवा हिशेब दाखवला असता. आणि एक म्हणजे जास्त व्होल्टेज असंही काही ठरलेलं नाही. त्या काट्याच्या केबलमध्ये, आरएस-२३२ नावाच्या केबलवरच्या कराराच्या नियमाने, १ म्हणजे उणे तीन ते उणे पंधरा व्होल्ट आणि ० म्हणजे अधिक तीन ते अधिक पंधरा. उलटं. तेही ठरवलेलंच.

तुझ्या खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये तर बहुतेक पातळ्या दोनच नसतात. आजकालच्या बऱ्याच फ्लॅश मेमरीत एका पेशीत भाराच्या आठ पातळ्या ठेवतात आणि त्यातली कुठली आहे ते मोजून तीन बिट सांगतात. आठ गण, एका पेशीत. दोन पातळ्यांमधला रिकामा पट्टा त्यामुळे अगदी अरुंद होतो, आणि उष्णतेने भार लवकर झिरपतो. तेव्हा प्रोजेक्टची एकुलती एक प्रत असलेला पेन ड्राइव्ह मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नकोस.